बैलचाल

"चार वाजता सोडायचंय," रांगेतल्या पुढच्या खासदाराने, सुगावाने, मान न वळवता म्हटलं, तेव्हा वाकुईचा उजवा पाय हवेत होता. हवेत म्हणजे फार नाही, संसदेच्या सभागृहातल्या लाल गालिच्यापासून बोटभर वर. तो खाली कधी ठेवायचा हे त्याच्या हातात होतं. सकाळपासून हातात असलेली तेवढी एकच गोष्ट. त्याने तो ठेवला आणि मग विचारलं, "काय सोडायचंय?"

"चाल. चारपर्यंत रेटायचं, मग सरळ चालत जाऊन पाट्या द्यायच्या. ठरलंय."

"कोणाचं ठरलंय?"

"वरच्यांचं. आपले आणि त्यांचे काल जेवायला बसले होते ना. तुला नाही सांगितलं कुणी?" सुगावाची मान लाल होती, कॉलरच्या वर घामोळ्यांची एक ओळ. "मला वाटलं तुला माहीत असेल. तुझंच तर विधेयक आहे."

म्हणजे तू विरोध करतोस ते विधेयक. दोन्हीतला फरक सुगावाला बोलताना कधीच करावासा वाटला नव्हता. वाकुईने डावी टाच उचलली. टाच उचलताना पोटरीत काहीतरी तारेसारखं ताणलं गेलं आणि तसंच राहिलं.

बैलचाल हे नाव बाहेरच्यांनी ठेवलं की आतल्यांनी, कोणास ठाऊक. बहुमत नसलेल्यांना करण्यासारखं जे थोडं उरतं त्यातलं हे शेवटचं. मतदान पुकारलं की आपली निळी लाकडी पाटी घेऊन उठायचं, निळी म्हणजे विरोध, आणि व्यासपीठावरच्या कारकुनापर्यंतचं अंतर, जे कुणीही माणूस एका खोकल्यात पार करील, ते इतकं सावकाश चालायचं की दिवस संपावा, अधिवेशनाची मुदत संपावी, निदान सरकारचा धीर तरी. सत्ताधाऱ्यांच्या पांढऱ्या पाट्या केव्हाच पडून गेल्या होत्या. ते बाकांवर परत जाऊन बसले होते, काही डुलक्या काढत, काही टोमणे मारत. बैलांना थांबायला मात्र परवानगी नाही. थांबला त्याने मत सोडलं असं धरतात. वाकुई पहिल्यांदा निवडून आला तेव्हा पक्षातल्या एका म्हाताऱ्याने त्याला मागच्या कॉरिडॉरमध्ये ही चाल शिकवली होती. टाच उचल, वजन पुढे ने, पण स्वतः पुढे जाऊ नकोस. "आणि त्या दिवशी चहा नाही, सूप नाही. सगळी आंदोलनं शेवटी लघवीला येऊन मोडतात, पोरा." वाकुई तेव्हा पोर नव्हता, त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. पण त्या म्हाताऱ्यापुढे सगळेच पोर होते. आता तो म्हातारा नव्हता आणि त्याची ती जागाही पक्षाने गमावली होती.

राजकारणात येण्याआधी वाकुई मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा, आणि चालणं म्हणजे काय हे वर्गात करून दाखवायचा. चालणं म्हणजे पडणं. दर पावलाला माणूस पुढे पडतो आणि दुसरा पाय ऐन वेळी येऊन त्याला सावरतो. नेहमीच्या वेगात हे कळत नाही. सावकाश चालायचं तर पडण्याचा प्रत्येक क्षण स्नायूंना धरून ठेवावा लागतो, म्हणून बैलचालीत धावण्यापेक्षा जास्त दम लागतो. काम मात्र होत नाही. पुस्तकातल्या व्याख्येप्रमाणे काम म्हणजे बल गुणिले अंतर, आणि अंतर जवळजवळ नाहीच. मुली हसायच्या. पहिल्या बाकावरची सायोको एकदा म्हणाली होती, "मग मास्तर, माझी आई दिवसभर मला कडेवर घेऊन उभी राहायची, ते काम नाही?" पुस्तकाप्रमाणे नाही, असं त्याने सांगितलं होतं. सायोकोने वहीत ते तसंच उतरवून घेतलं होतं, 'आई – शून्य.' तिची ती तिरपी मान अजून दिसते. शाळा सोडून तिला चार हिवाळे झाले असतील, तेव्हा मात्सुनोसावाच्या खिंडीत बर्फात अडकलेल्या गाडीत ती बाळंत झाली. खोऱ्यात प्रसूतीची सोय नव्हती. खिंड ओलांडून शहरात जावं लागे, आणि खिंड स्वतःच्या मर्जीने उघडी असे. मूल गेलं. दोन दिवसांनी तीही गेली. वाकुई काळा सूट घालून तिच्या घरी गेला तेव्हा तिच्या नवऱ्याने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, मी हीटर चालू ठेवला होता. पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवला होता." तो बरोबर उत्तर दिलेल्या विद्यार्थ्यासारखा वाकुईकडे बघत होता, आणि वाकुईने मान हलवून "बरोबर केलंस" म्हटलं होतं.

"वाकुईसान, गालिचा विकत घ्यायचाय का? इतका निरखून बघताय," उजवीकडच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"अहो, मागून गोगलगाय येतेय. बाजू द्या तिला."

"बाई अडली की आमच्याकडे रुग्णवाहिका याहून हळू येते," वाकुईच्या मागे असलेली ओसाकाची खासदार बाई ठणकावून म्हणाली. "तिलाही असेच हसा, मंत्रिमहोदय."

मंत्री हसले नव्हते. ते कागद वाचत होते, निदान डोळे कागदावर होते. अध्यक्षांनी घंटा वाजवून, ज्यांचं मतदान राहिलं आहे त्यांनी त्वरा करावी, असं सांगितलं. त्यांच्या आवाजात रागही नव्हता, घाईही नव्हती. वाकुईला आत्ता कळलं की सकाळपासून त्या आवाजात त्याला काय खटकत होतं. चार वाजता आपण सुटणार, हे ठाऊक असलेल्या माणसाचा तो आवाज होता. मग आणखी किती जणांना ठाऊक होतं? टोमणे मारणाऱ्यांना? त्यांचे टोमणेही तसे अंगाला न लागणारे, नाटकातल्या मारामारीसारखे. ओसाकाच्या बाईला? तो मान वळवून विचारू शकत होता. त्याने विचारलं नाही. तिचा आवाज खरा होता असं वाटण्याची सोय त्याला ठेवायची होती.

"बदल्यात काय मिळालं?" त्याने सुगावाच्या मानेला विचारलं.

"जोडठराव."

विधेयक जसंच्या तसं मंजूर होतं आणि त्याच्या शेपटाला एक ठराव जोडतात, की सरकारने अमुक बाबतीत योग्य ती काळजी घ्यावी. तो कुणावर बंधनकारक नसतो. वाकुईने आयुष्यात असे बरेच जोडठराव पाहिले होते. मेलेल्या माणसाच्या फोटोला लावतात त्या काळ्या फितीइतकेच ते उपयोगी असतात.

"काय म्हटलंय त्यात?"

"दुर्गम भागातल्या गरोदर स्त्रियांची गैरसोय होणार नाही याकडे सरकारने पुरेसं लक्ष द्यावं. चांगलं वाक्य आहे." सुगावा क्षणभर थांबला, म्हणजे बोलायचा थांबला, पाय हलतच होता. "तुझंच आहे. त्या दिवशी शेवया खाताना म्हणाला नव्हतास का?"

म्हणाला होता. संसदेच्या मागच्या गल्लीत, उभ्या उभ्या खायच्या दुकानात, चष्म्यावर वाफ धरलेली असताना. विधेयकात हे कलम घातलं तर मी गप्प बसेन, असं तो म्हणाला होता; कलम, आतलं, दात असलेलं. सुगावाने तेव्हा वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला होता आणि "हं" म्हटलं होतं. त्या एवढ्याशा "हं"मधून ते वाक्य निघून, कुठल्या कुठल्या जेवणांच्या टेबलांवरून सरकत, शेवटी विधेयकाच्या बाहेर जाऊन पडलं होतं. शब्द तेच होते, एकही इकडचा तिकडे झाला नव्हता. त्याला रागावता येईना. सुगावावर रागवायचं तर सुगावा वाईट माणूस हवा. तो वाईट नव्हता. त्याच्या मतदारसंघातल्या मच्छीमारांचं काहीतरी याच जेवणात सुटलं असेल आणि ते सुटायलाच हवं होतं.

अणुवीजकेंद्राला वाकुईचा विरोध होता, कारण किनाऱ्याखालचा खडक कुठे तुटलेला आहे हे त्याने नकाशावर स्वतः पाहिलं होतं. केंद्र उभं राहिलं. विक्रीकर वाढवण्याला त्याचा विरोध होता, कारण तांदूळ श्रीमंतही तेवढाच खातो. कर वाढला. लग्नानंतर बाईला आपलं आडनाव ठेवता यावं, यासाठी त्याने तीनदा भाषण केलं. कायद्यात नवराबायकोचं आडनाव एकच लागतं म्हणून त्याने स्वतः बायकोचं घेतलं होतं. प्रतिस्पर्ध्याने गावागावात सांगितलं, ज्याला बापाचं नाव राखता आलं नाही तो तुमचं काय राखणार? कायदा होता तिथेच राहिला. सगळ्या विषयांवर त्याची मतं होती, मतांना आकडे होते, आकडे बरोबर होते. नंतर वर्तमानपत्रंही ते बरोबर होते असं छापायची. प्रयोगशाळेत चुकलेला प्रयोगसुद्धा काहीतरी सांगतो. इथे बरोबर आलेलं उत्तर कुठेच लागू होत नव्हतं. मिसाओ, त्याची बायको, एकदा सोयाबीनच्या शेंगा सोलत म्हणाली होती, "तुम्ही हवामानखात्यासारखे आहात. पाऊस येणार म्हणता, येतो. पण तुमच्यामुळे थांबत काही नाही." मग त्याचा चेहरा बघून तिने एक शेंग त्याच्या हातावर ठेवली होती.

एक गोष्ट मात्र त्याच्यामुळे उभी राहिली होती. मात्सुनोसावाच्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरचा प्रसूती विभाग. सायोको गेल्यानंतर तो ग्रामपरिषदेत गेला, मग जिल्ह्यात, मग एकदा पडून पुन्हा उभा राहून इथे, आणि त्या सगळ्या वर्षांतून काय निघालं असं कुणी विचारलं तर तो फिकट पिवळ्या रंगाचा कॉरिडॉर दाखवता येत होता. खिडक्या दक्षिणेला. बर्फ पडल्यावर आतला उजेड दुधासारखा होतो. तो कधी कधी कारण नसताना तिथे जाऊन बाकावर बसायचा. नर्सला वाटे, भाषणाची तयारी करतात. तो काही करत नसे. भिंतीपलीकडे कुणीतरी किंचाळे, मग बारीक आवाज येई, आणि खिंडीचा त्या आवाजाशी काही संबंध नसे. आजच्या विधेयकाने वर्षाला ठरावीक संख्येहून कमी बाळंतपणं होणारे विभाग बंद होणार होते. मात्सुनोसावाची संख्या कमी होती. बायकाच कमी होत्या, बाळंतपणं कुठून येणार?

आणि रविवारी त्याने शब्द दिला होता. खोऱ्यातल्या सभागृहात, चटयांवर चाळीसेक बायका, मध्ये मुळ्याच्या लोणच्याच्या बशा. त्याच्या प्रत्येक निवडणुकीत घरोघर फिरलेली होनमा किकुए, निवृत्त सुईण, पुढे बसली होती, आणि तिच्या शेजारी तिची सून चिझुरू, हात पोटावर ठेवून. सगळं बोलून झाल्यावर कुणालाच काही विचारायचं नव्हतं. तेव्हा चिझुरूने हात वर केला, शाळेतल्यासारखा. "मास्तर, माझी तारीख जानेवारीतली आहे. मी कुठे जाऊ?" त्याच्याजवळ खरं उत्तर होतं. संख्याबळ, मुदत, शक्यता. तो मात्र म्हणाला, "इथेच. मी तिथे उभा आहे तोवर हे होणार नाही." बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी त्याच्या छातीत जे ऊन पडलं ते घेऊनच तो गाडीत बसला होता, आणि राजधानी येईपर्यंत त्याने खिडकीबाहेर पाहिलं नव्हतं. आता त्याच बायका त्याच सभागृहात टीव्हीपुढे बसल्या असतील. आज थेट दाखवत होते. पडद्यावर त्यांना निळी पाटी धरलेल्या माणसांची एक रांग दिसत असेल, आणि त्यातला एक, आपला, मागून तिसरा, न थांबता उभा.

कॅमेरा कुठे आहे हे त्याला माहीत होतं. वर, डावीकडे. त्याने तिकडे बघायचं टाळलं. ओरडून सांगता येईल, की हे सगळं ठरलेलं आहे, ही चाल खोटी आहे? अध्यक्ष म्हणतील, शांतता. मग ते वाक्यही नोंदीतून काढून टाकतील, आणि पुढचा सुगावा त्याच्याशी बोलणार नाही, आणि सभागृहातल्या बायका एकमेकींकडे बघतील. आत्ताच भराभर चालत जाऊन पाटी टाकता येईल? मग त्या म्हणतील, सगळ्यांत आधी आपलाच मास्तर सुटला. चारनंतरही असंच चालत राहता येईल. हा एकच पर्याय त्याला स्वच्छ दिसला, आणि तो निरुपयोगी आहे हेही तितकंच स्वच्छ. तरीही तो आहे, एवढ्यानेच मांड्यांची थरथर जरा कमी झाली. मी तिथे उभा आहे तोवर. वाक्य खरं ठेवायला उभं राहणं पुरेसं होतं. शाळेतली एखादी मुलगी असती तर तिने त्यात लगेच खोट काढली असती.

समोरच्या घड्याळाचा मोठा काटा बारावर आला, चार वाजले. रांगेच्या पुढच्या टोकाला काहीतरी सुटलं. छपरावरचा बर्फ मार्चमध्ये एका दुपारी आवाज न करता घसरायला लागतो, तसं. पुढचा, त्याच्या पुढचा, मग सुगावा, सगळ्यांचे पाय अचानक माणसांचे झाले. सुगावा तीन ढांगांत पायऱ्यांशी पोचला. वाकुई आणि त्याच्यामध्ये लाल गालिच्याचा एक रिकामा पट्टा पडला आणि सगळं सभागृह त्या पट्ट्याकडे बघू लागलं. वाकुईने टाच उचलली. वजन पुढे नेलं. पुढे गेला नाही.

"वाकुईसान," मागून ओसाकाची बाई हळूच म्हणाली. "चला आता."

तिलाही ठाऊक होतं तर. तिच्या आवाजात ओशाळलेपण होतं, आजाऱ्याच्या खोलीत नकळत मोठ्याने हसून गेलेल्या माणसासारखं. तो चालत होता. आता टोमणेही बंद झाले होते. ती शांतता त्याला अपेक्षित नव्हती, त्याने हशाची तयारी केली होती. अध्यक्षांनी उरलेल्या मतदानासाठी मुदत जाहीर केली, त्यानंतर दिलेलं मत धरलं जाणार नाही. म्हणजे उभा राहिलास तर तुझा विरोधही मोजायचा नाही. त्याने दुसरी टाच उचलली आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आता ठरवूनही त्याला वेगात जाता येणार नाही. गुडघ्यांना दिवसभर जे शिकवलं होतं ते त्यांनी शिकून घेतलं होतं. पाय पुढे पडायला तयारच नव्हता. तो हट्ट करत होता की त्याचं शरीर, हे त्याला सांगता आलं नसतं. उजव्या मांडीत गोळा आला. तो किंचित झुकला.

सुगावा पायऱ्या उतरून परत आला. नियमात ते बसतं की नाही कुणास ठाऊक, कुणी अडवलं नाही. उंच माणूस, त्याने वाकुईचा दंड कोपराच्या वर घट्ट धरला. "असं नको करूस," तो कानाशी म्हणाला, "टीव्हीवर आहेस." आणि त्याला चालवू लागला. मागून ओसाकाच्या बाईचा तळहात पाठीवर टेकला, उबदार, न ढकलल्यासारखं करून ढकलणारा. पायऱ्यांपाशी पहिल्या बाकावरचा सत्ताधारी पक्षाचा एक म्हातारा सदस्यही अर्धवट उठला आणि त्याने हात पुढे केला. त्या हाताला धरायचं नाही, एवढं वाकुईने ठरवलं, आणि धरलं. कारकुनाने पाटी दोन्ही हातांनी घेतली, वाकून. नाव वाचलं. विरोधात एक.

विधेयक मंजूर झालं. जोडठरावही झाला, एकमताने.

सदस्यांच्या इमारतीतल्या त्याच्या खोलीत, सेक्रेटरी नागुमोबाईंनी खुर्चीला उशी लावून ठेवली होती. कुठलाही प्रश्न न विचारता त्यांनी फोन पुढे केला. "मात्सुनोसावाहून. मघापासून धरून बसल्यात."

"मास्तर, बघितलं हो सगळं," होनमा किकुएचा आवाज, आणि तिच्यामागे खूप बायकांचा. "शेवटी आम्ही सगळ्या उभ्या राहिलो होतो. पाय गेला ना तुमचा? तो उंच माणूस कोण? देवासारखा आला. त्याला लोणचं पाठवते."

"किकुएसान," तो म्हणाला, "जानेवारीचं मी जे बोललो होतो, ते—"

"असू द्या ते. चिझुरूशी बोला. ती रडतेय इथे, तुमच्या पायासाठी."

फोन हातांतून हातांत गेला. चिझुरूने नाक ओढलं. "मास्तर, फार दुखतंय का?"

"नाही. चिझुरू, मी तुला म्हटलं होतं—"

"नाही मास्तर, त्याचं मनाला लावून घेऊ नका. माझी सोय आहे. शहरात खोली घेतलीय आम्ही, मोठ्या हॉस्पिटलच्या मागेच. डिसेंबर लागला की सासूबाई आणि मी जाऊन राहणार."

"कधी घेतलीत?"

"उन्हाळ्यातच. दिवस गेलेत कळलं तेव्हाच. इथलं कधी बंद होईल काय सांगावं, म्हणून सगळ्याजणी आता तसंच करतात."

खिडकीबाहेर गिंको झाडांची पिवळी पानं रस्त्यावर पडलेली होती आणि एक माणूस यंत्राने ती फुंकून बाजूला सारत होता.

"मग रविवारी तू विचारलंस ते?"

"सासूबाईंनी सांगितलं होतं, विचार म्हणून." ती अडखळली. "मास्तर एवढे लांबून येतात, कुणीच काही विचारलं नाही तर त्यांना कसं वाटेल, म्हणाल्या. चुकलं का माझं?"

"नाही," तो म्हणाला. "चांगला प्रश्न होता."

"आणि निवडणुकीची काळजी करू नका. आम्ही सगळ्या आहोत. तुमचंच नाव लिहिणार. दुसऱ्या कुणाचं लिहिणार?"

"खोलीला हीटर आहे का?" त्याने विचारलं. "नीट चालतो का, बघितलंस?"

"आहे. बघितला." मागून कुणीतरी काहीतरी सुचवत होतं, ती तोंड बाजूला घेऊन "हो, विचारते" म्हणाली. "मास्तर, या सगळ्या विचारतात, सकाळपासून काही पोटात नसेल. काय जेवणार तुम्ही?"

त्याने टेबलाकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे ठेवलेलं असावं. टेबल स्वच्छ होतं. काय जेवायचं हे त्याला खरोखरच सुचेना, आणि पलीकडे चाळीस बायका उत्तराची वाट बघत होत्या.

"भात," तो म्हणाला. "भात आणि मासा."

"भात आणि मासा जेवणार आहेत," तिने तिकडे मोठ्याने सांगितलं. सभागृहभर, लांबून, समुद्रासारखा एक आवाज उठला. बरं झालं, बरं झालं, असं त्या सगळ्या म्हणत होत्या.